काचेच्या कपाटासमोरची गर्दी

मुख्याध्यापक वाचनालयात आले तेव्हा ग्रंथपाल एका कादंबरीची सुटलेली पाठ डिंकाने चिकटवत बसले होते. मुख्याध्यापक या खोलीत सहसा येत नसत, आणि आले की भिंतीला वीत लावून खोलीची लांबीरुंदी मोजत. सत्र संपल्यावर वाचनालय बंद करून इथे पाहुण्यांसाठी बैठकीची खोली करायची, असे त्यांच्या मनात होते. इथे चिटपाखरू फिरकत नाही, हे त्यांचे कारण. ते खरे असल्यामुळे ग्रंथपालांना त्यावर काही बोलता येत नसे. तसे खोट्या कारणावरही त्यांना काही बोलता आले नसते.

आज मात्र मुख्याध्यापकांची नजर काचेच्या कपाटावर होती. सोमवारपासून शाळेत मोबाइलबंदी सुरू होणार होती. मुलांनी सकाळी मोबाइल जमा करायचे आणि शाळा सुटल्यावर परत न्यायचे. कुलूप धड लागेल असे कपाट साऱ्या शाळेत हे एकच होते.

"यातली पुस्तकं काढा," मुख्याध्यापक म्हणाले.

"कुठे ठेवू, सर?"

"ठेवा हो कुठेतरी. पुस्तकांना काय, कुठेही चालतं. मोबाइल महागाचे असतात."

कथा-कादंबऱ्या आणि शब्दकोश खिडकीखाली जमिनीवर आले आणि त्यांच्या जागी मोबाइल ऐटीत उभे राहिले. सोमवारच्या मधल्या सुट्टीत आक्रीत घडले. वाचनालयाच्या दारात मुले आली. आधी थोडी, मग घोळक्याने. ‘पुस्तकाशिवाय बसू नये’ अशी पाटी ग्रंथपालांनी नोकरीच्या सुरुवातीला उमेदीने लावली होती. ती कोणी वाचण्याची ही पहिलीच वेळ. प्रत्येकाने खिडकीखालून हाताला येईल ते पुस्तक उचलले आणि सगळे लांब टेबलाशी गुपचूप बसले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या होत्या, पण मुले एकाच बाजूला दाटीवाटीने बसली. तिकडे उजेड बरा येत असेल, अशी ग्रंथपालांनी स्वतःची समजूत घातली.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. चपला काढता काढताच त्यांनी बातमी दिली.

"पोरं वाचायला लागली."

"कोणाची?"

"आपल्या शाळेची."

बायकोने घडी अर्धी ठेवून त्यांच्याकडे पाहिले. "अहो, नीट बघा. काहीतरी गोड सांडलं असेल तिथे."

दुसऱ्या दिवशी फडके हातात घेऊन, धूळ झटकण्याच्या निमित्ताने ते मुलांच्या मागून फिरले. पहिल्या मुलाचे पुस्तक उलटे होते. शेजारच्याने शब्दकोशाचे मधलेच पान उघडले होते आणि ते उलटायची त्याला गरज वाटत नव्हती. इतक्यात समोरच्या काचेआड एक मोबाइल उजळला आणि सगळ्या माना एकदम उंच झाल्या.

"तुझा गं."

"छे, माझा खालच्या फळीवर आहे."

मोबाइल विझला. माना खाली आल्या. ग्रंथपालांच्या हातातले फडके हातातच राहिले.

दोन दिवस त्यांना जेवण गोड लागले नाही. शेवटी धीर गोळा करून ते मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. तिथे मुख्याध्यापक आधीच शिक्षकांना सांगत होते की मोबाइल काढून घेतला की मूल आपोआप पुस्तकाकडे वळते, हे आपण कधीपासूनच म्हणत होतो. ही वाचनक्रांती बघायला त्यांनी शिक्षणाधिकारी बाईंना बोलावलेसुद्धा होते.

"सर, त्या गर्दीबद्दल जरा..."

"तुमचंही नाव घेऊ, काळजी करू नका. बाईंना गर्दी दिसली की वाचनालय बंद करायची गोष्ट मी पुन्हा काढणार नाही. नाही दिसली, तर मात्र..." मुख्याध्यापकांनी टेबलावरच वीत पसरली. ग्रंथपाल परत आले.

बाई यायच्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांच्या डोक्यात आले की मोबाइलमुक्त शाळेत मोबाइलने भरलेले कपाट दिसणे बरे नव्हे. शिपायाने स्टेजचा लाल पडदा आणून कपाटावर टांगला. मधल्या सुट्टीत मुले दारापर्यंत आली, त्यांनी पडदा पाहिला आणि आल्या पावली परत गेली. ग्रंथपाल रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभे राहिले. पाठोपाठ बाई आणि मुख्याध्यापक आले.

"मुलं कुठे आहेत?" बाईंनी विचारले.

मुख्याध्यापकांनी ग्रंथपालांकडे पाहिले. ग्रंथपालांनी स्वतःच्या चपलांकडे.

"आणि माझा फोन?" बाईंनी लगेच दुसरा प्रश्न विचारला. नियम सर्वांना सारखा, असे म्हणत मुख्याध्यापकांनी उत्साहाच्या भरात फाटकातच बाईंचाही मोबाइल जमा करून घेतला होता. बाईंनी तेव्हा कौतुक केले होते. पण तेव्हापासून त्यांचा हात सारखा पर्समध्ये जाऊन रिकामा बाहेर येत होता.

"त्या पडद्यामागे आहे, बाई. सुरक्षित आहे."

"बघू तरी." बाईंनी स्वतःच पडदा सरकवला. त्यांचा मोबाइल वरच्या फळीवर होता आणि नेमका तेव्हाच उजळला. "कोणाचा तरी आलाय," त्या हळहळल्या.

"कपाट उघडू?"

"नको, नको. नियम म्हणजे नियम." असे म्हणून बाई कपाटासमोरच्या खुर्चीत बसल्या. ग्रंथपालांनी घाबरत घाबरत भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले आणि त्यांच्या हातात एक पुस्तक दिले.

पडदा उघडल्याची बातमी व्हरांड्यात पोचायला वेळ लागला नाही. बघता बघता खोली भरली. बाईंना सगळे वर्ग बघायचे होते. पण घंटा झाली, मुले गेली, तरी त्या उठेनात. ग्रंथपालांच्या लक्षात आले की बाईंचे पुस्तक उलटे आहे. सांगायचा धीर त्यांना झाला नाही.

"इतकी एकाग्रता मी कुठल्याच शाळेत पाहिली नाही," बाई जाताना म्हणाल्या. "मला स्वतःला अनुभव आला. हे वाचनालय कायम राहिलं पाहिजे. आणि उरलेल्या कपाटांनाही काचा बसवा, शिक्षकांचे मोबाइलही ठेवता येतील."

अशा रीतीने वाचनालय वाचले आणि त्यातली झाडून सगळी पुस्तके कपाटांबाहेर आली. खिडकीखाली आता जागा नव्हती. ग्रंथपालांनी ती लांब टेबलावरच रचली, खुर्च्यांच्या समोर, भिंतीसारखी. यात त्यांचा काही डाव होता असे नाही. निदान त्या संध्याकाळी तरी नव्हता.

"सर, दिसत नाही," दुसऱ्या दिवशी एक मुलगा म्हणाला.

"काय दिसत नाही?"

मुलाने ढिगावरून मान उंच करून पाहिली. मग म्हणाला, "हा ढीग हलवू का?"

ग्रंथपालांनी आयुष्यात क्वचितच कोणाला नाही म्हटले होते. त्यांनी घसा साफ केला. "ढीग हलवायचा नाही. पुस्तक घरी न्यायला मात्र परवानगी आहे."

मुलांनी वरवरची पुस्तके भराभर घरी नेली. शाळा सुटेपर्यंत भिंतीला चांगली खिडकी पडली. सकाळी ग्रंथपालांनी लवकर येऊन ती दुसऱ्या पुस्तकांनी बुजवली. मुलांनी पुन्हा पाडली, त्यांनी पुन्हा बुजवली. बायकोने विचारले की पोरं ती पुस्तकं वाचतात तरी का. त्यांनी खरे ते सांगितले, की काही कल्पना नाही.

मग एक दिवस वेणीला शाईचा डाग लागलेली एक मुलगी नेलेली कादंबरी परत घेऊन आली.

"सर, याचा दुसरा भाग?"

दुसरा भाग ढिगाच्या अगदी तळाशी होता. ग्रंथपालांनी तो जपून ओढला, तरी अख्खी भिंत धाडकन कोसळली. काचेची कपाटे वरपासून खालपर्यंत उघडी पडली आणि सगळी मुले जागच्या जागी उभी राहिली.

"ए, तुझा उजळलाय," मैत्रिणीने त्या मुलीला कोपराने ढोसले.

"थांब गं," ती म्हणाली. ती पडलेल्या पुस्तकांच्या मधोमध, दुसरा भाग उघडून, कपाटाकडे पाठ करून बसली होती.

ग्रंथपालांचा अजून विश्वास बसत नव्हता. पुस्तके गोळा करण्याच्या निमित्ताने ते वाकले आणि त्यांनी हळूच पाहिले.

पुस्तक सरळ होते.