आडकूजींच्या विजेची बिजाई

भांग नीट पडावा म्हणून मी बल्ब लावला, भांग पाडला, खोलीला कुलूप घातलं आणि बल्ब तसाच ठेवून शहापूरला मंडईच्या जत्रेतलं रात्रभराचं नाटक पाहायला निघून गेलो. नाटक झालं, तिथंच राहणाऱ्या बहिणीकडे जेवण झालं, झोप झाली, उठून पुन्हा जेवण झालं. मी परत आलो तोवर आडकूजींची वर्षाची वीज मी खाऊन टाकलेली होती.

वर्षाची वीज म्हणजे काय, ते सांगायला हवं. सत्तरच्या दशकात मी अड्याळच्या बाजूला एका गावात पटवारी होतो. पटवारी म्हणजे तलाठी. पण आमच्या भंडाऱ्याकडे तलाठी म्हटलं की लोक मागे वळून दुसऱ्या कुणाला तरी शोधतात. आडकूजींच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती. खोलीत माझी खाट होती, सरकारी दप्तराची पेटी होती आणि खाटेखाली आडकूजींची बॅटरी होती. तुमसरला मोडीत निघालेल्या एका ट्रकची. खोली देताना त्यांनी मला भाड्याचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "पटवारीबाबू, बल्ब लावा, पण बिजाई खाऊ नका."

मी म्हटलं, "बिजाई कुठाय इथं?"

"हे काय," म्हणत त्यांनी पायानं बॅटरी दाखवली.

आडकूजींच्या मते वीज हे पीक होतं. घरामागून तलावाचा पाट जात असे. त्यात त्यांनी जुन्या बैलबंडीचं चाक उभं केलं होतं, चाकाला तेलाचे डबे ठोकून पाती केली होती आणि पट्ट्यानं ट्रकचा डायनामो जोडला होता. धानाला पाणी सुटलं की चाक फिरे आणि बॅटरी भरे. एकाच पाण्यावर धानही निघे आणि वीजही. म्हणून बॅटरीला ते ढोली म्हणत. धान साठवायची बांबूची, शेणामातीनं लिंपलेली कोठी असते ना, ती ढोली. ढोलीतलं सगळं धान कोणी खात नाही, पुढच्या पेरणीची बिजाई राखून ठेवतो; तसं बॅटरीतही थोडी वीज सदैव शिल्लक पाहिजे. बॅटरी पार रिकामी केली की ती मरते, हे खरंच आहे, पण तेवढ्यावर ते थांबत नसत. ताजी वीज ते वापरू देत नसत.

"नवी वीज चिकट राह्यते," ते म्हणत. "नव्या तांदळाच्या भातावानी. गोळा होते. वीज जुनी होऊ द्यावी, मंग कसा मोकळा मोकळा उजेड पडते."

मी त्यावर हसत असे. पण चारचौघांत मीही एकदा म्हणून गेलो, की आजचा उजेड जरा चिकट वाटतो.

पेरे, म्हणजे पिकांच्या नोंदी, लिहायला मी त्यांच्या बांधावर गेलो, तेव्हा त्यांनी हट्टच धरला. "धान लिवलं? आता वीज लिवा."

"विजेचा रकाना नाही, आडकूजी."

"मंग इतर पिकं लिवा. अन् ओलिताखाली लिवा. पान्यावरच पिकते ना?"

यावर कायद्यात उत्तर नव्हतं. मी पेन्सिलनं लिहिलं आणि घरी येऊन खोडलं.

धान पिकायला आलं की पाट बंद होई. मग चाक थांबे आणि पाहुण्यांचा हंगाम सुरू होई. ओसरीवर स्टँडला लावलेली एक सायकल होती, तिच्या मागल्या चाकाला दुसरा डायनामो. कोणीही आलं, की आडकूजी त्याला बसायला सायकल देत. "बसा. पाय मारत मारत बोला." सोयरीक जुळवायला आलेल्या माणसांनीसुद्धा त्यांच्या ओसरीवर पाय मारलेले आहेत. गावात कोणी घामाघूम दिसला तर लोक विचारत, "आडकूजीकडून आले वाटते?"

पाहुणा थकला की चहा येई. चहा कसा येई, हीच गावाची खरी तक्रार होती. आडकूजी ना उठत, ना हाक मारत. खुर्चीत बसल्या बसल्या हात मागे नेत आणि चौकटीवरचं एक बटण दाबत. दाबणंही कसं, भाजीत मीठ टाकावं तेवढंच. थोड्या वेळानं सईकाकी चहा घेऊन बाहेर येत. आत घंटी असावी, अशी माझी समजूत होती. ऐकू मात्र कधी आली नाही.

"उठून आत बायकोपाशी जायाले पाय दुखते आडक्याचे," गाव म्हणे. "नवाबच ना तो!"

मलाही ती नवाबीच वाटे. त्यात गावात सरकारी लाइन आली, घरोघरी बल्ब लागले, आणि यांनी कनेक्शन घ्यायला नकार दिला. "ते लाइन पाहुनी हाय," ते म्हणाले. "येते, चहा पेते, चालली जाते. घरचं मानूस ते नोहे."

सईकाकींबद्दल मात्र माझं मत फार चांगलं होतं. बाई अबोल, पण रसिक. मी चहा घेताना त्यांना कचेरीतल्या गमती सांगत असे आणि त्या प्रत्येक गमतीला हसत. इतर लोक माझ्या गमतींना निवडून हसत. काकींचं तसं नव्हतं. गावात मला समजून घेणारं एकच माणूस आहे, असं मी घरी कळवलंसुद्धा होतं.

तर मंडईहून परत आलो ती संध्याकाळ.

ओसरीवर आडकूजी स्वतः सायकलवर होते. धोतर खोचलेलं, अंगातून घाम निथळतोय, आणि पाय एका चालीत चाललेले. माझ्या खोलीच्या दाराच्या फटीतून काडीएवढा पिवळट उजेड येत होता.

"आडकूजी, हे काय?"

"तुमी गेले," ते पाय न थांबवता म्हणाले, "अन् बल्ब ऱ्हायला. तो खाऊन राहिला, मी घालून राहिलो."

"अहो, मग कुलूप तोडायचं!"

"पटवाऱ्याचं कुलूप? आत सरकारी दप्तर हाय, बाबू. कोतवालले विचारलं, तर तो म्हने हात लावू नको, जेलात जाशीन. खिडकी तं तुमी आतून लावून गेले."

खिडकी मी लावली होती, दप्तराला वारा लागू नये म्हणून. एकूण सरकारी मालमत्तेची मी चोख काळजी घेतली होती. मी घाईनं कुलूप उघडलं. आडकूजी सायकलवरून उतरले. त्यांचे पाय थांबले तसा बल्ब लाल झाला, मग तारेपुरता उरला, मग विझला.

"बिजाई गेली," आडकूजी म्हणाले.

आता अशा वेळी माणसानं गप्प राहावं. मी म्हणालो, "एका बल्बापायी एवढं काय! चहा तरी सांगा."

ते चौकटीपाशी गेले, बटण दाबलं. मग आत जाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले. मी मागोमाग. सईकाकी आमच्याकडे पाठ करून चुलीपुढं बसल्या होत्या, चुलीवर गंजात, म्हणजे पातेल्यात, पेज उकळत होती. चुलीवरच्या आडव्या वाशाला ट्रकच्या मागचा लाल दिवा टांगलेला होता. विझलेला. आडकूजी नुसते उभे. ना आत जातात, ना बोलतात. मला वाटलं रागावलेत. म्हणून मीच मदतीला धावलो.

"काकी, चहा टाका बरं!"

काकी हलल्या नाहीत.

"काकी!" मी ओरडलो. शेजारचं कुत्रं भुंकलं. काकी पेज ढवळत राहिल्या.

"कायले बोंबलता?" आडकूजी हळूच म्हणाले. "मोठा ताप आला होता तिले, तवाच कान गेले. तुमाले ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि मलाही असेल असं गावाला वाटत होतं. वर्षभर मी ज्या बाईला गमती सांगितल्या तिनं त्यातली एकही ऐकली नव्हती. ती माझ्या चेहऱ्याला हसत होती.

"मग जाऊन खांद्याला हात लावा ना," मी म्हणालो.

"लावला होता एकदा. दचकली. पेजेचं गंज पायावर आलं." आडकूजींनी चौकट धरली. "तवापासून मी मागून जात नाही तिच्या. दिवा लागला की तिले समजते, कोनीतरी आलं. मंग वळून पाह्यते."

"पण हे लाइनवरसुद्धा चाललं असतं..."

"अन् लाइन गेली तं? हातात उकळती पेज हाय, मागं मी उभा, अन् दिवा नाही." ते माझ्याकडे वळले. "सरकारच्या भरवशावर हाक ठेवू का मी तिची?"

आम्ही उभे राहिलो. चुलीतलं लाकूड पुढं सारून काकी मीठ घ्यायला वळल्या, तेव्हा कुठं त्यांना आम्ही दिसलो. गंजापासून हात लांब होता. आडकूजींनी श्वास सोडला. काकींनी आधी वरच्या लाल दिव्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आडकूजींनी हनुवटीनं मला दाखवलं. काकींनी माझ्याकडे पाहिलं आणि मग, बराच वेळ, माझ्या भांगाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटली की मी सायकलवर. गाव ओसरीपुढून जाताना विचारायचं, "पटवारीबाबू, कुठवर पोचले?" मी म्हणे, "बॅटरीपर्यंत." ती मेली आहे असं मी मनात धरूनच चाललो होतो. बॅटरी भरेपर्यंत आडकूजी चुलीकडे जाताना वळसा घालून परसातल्या दारानं जात, म्हणजे काकींना ते समोरून दिसत. म्हातारा पाटातल्या चिखलातून रोज येई आणि मी जास्त जोरात पाय मारी.

शेवटी एका संध्याकाळी आडकूजींनी खाटेखाली वाकून बॅटरीचा वास घेतला, तांदूळ बघावा तसा. "धरली," म्हणाले. "चिकट हाय अजून, पन धरली. या, तुमीच दाबा."

हा मान होता. मी घाम पुसला, भांग सारखा केला आणि बटणावर अंगठा ठेवला. आतल्या भिंतीवर लाल उजेड पडला. मी अंगठा तसाच ठेवला. आपण दाबलेल्या हाकेला आतून कोण कसं ओ देतं, ते मला पाहायचं होतं.

आणि आतून आवाज आला. वर्षभरात न ऐकलेला, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा.

"एवढा वेळ कोन दाबून राहिलं? पटवारीबाबूच असन! सोडा ना ते बटन. वीज का तुमच्या बापानं पिकवली?"