चेहऱ्याले हात लावाचा नाही

आमचे शेजारी वानखेडे काका रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाल्यावर झेंडे ऑफिसात जमा केले, शिट्टी मात्र स्वतःची होती म्हणून गळ्यातच राहिली. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुण्या पोट्ट्यानं गालावरचा फोड चाचपला, की काका घराच्या फाटकातून शिट्टी फुंकत आणि म्हणत, "चेहऱ्याले हात लावाचा नाही." एकदा भाजीवाले भैया नुसता गाल खाजवत होते, तेही दचकले.

मी तेव्हा अकरावीत होते. कपाळावर फोड आणि गालावर कोरडे पापुद्रे, दोन्ही एकाच वेळी. त्यात आमच्या घरानं भर घातली. आई लिंबू-बेसन चोळायची, फोडांवर टूथपेस्ट लावायची, आणि मी दिवसातून सहा वेळा साबणानं तोंड धुवायचे. वर काही लावायचं नाही, कारण आईच्या मते चेहऱ्यावर आधीच काय कमी तेल होतं. रायपुरात स्कूटीवर सगळ्याच मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. मी तो वर्गातही सोडत नव्हते, डबासुद्धा जिन्याखाली जाऊन खायचे.

एका सकाळी काकांनी मला अडवलं. "तो फडका काढ."

"नहीं काका." मराठी कळायची, पण उत्तर हिंदीतच निघायचं.

"काहून?"

"बस, ऐसे ही."

काका सरळ आईकडे गेले. "वहिनी, पोट्टीले चामडीच्या डॉक्टरकडे दाखवाचं आहे. तुमीबी चला."

"वयात येताना फोड येतातच, भाऊजी. लग्न झालं की जातात."

"लग्न काय मलम आहे काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाईंनी सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि संध्याकाळी लावायला वाटाण्याएवढं क्रीम दिलं. दोन-तीन महिने लागतील, सुरुवातीला त्वचेची सालं निघतील, पण सोडायचं नाही, असंही बजावलं. ते शेवटचं आम्ही दोघी विसरलो. काका विसरले नाहीत.

मग काय, काका हात धुऊन मागे लागले. रोज फाटकावर तपासणी. "मॉइश्चर लावलं? खरं बोलजो." आईच्या हातात बेसनाचा डबा दिसला की, "वहिनी, त्याचे भजे करा." आत्यानं सदर बाजारातून गोरं करणारा लेप आणला, तो त्यांनी आत्यासकट आमच्या फाटकातूनच परत पाठवला. आत्या अजून त्यांच्याशी बोलत नाही.

तिसऱ्या आठवड्यात गाल सोलल्यासारखे झाले. रविवारी मी क्रीमची ट्यूब नेऊन काकांच्या ओट्यावर ठेवली. "मुझसे नहीं होगा," मी म्हणाले आणि चक्क रडले.

काका काही बोलणार, तोच त्यांचा मोबाइल वाजला. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीचा, नीताताईचा व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर मात्र नुसता काळा चौकोन.

"ताईंचा कॅमेरा बिघडला का?" मी विचारलं. घाईत मराठीच निघालं.

"नाही. ती सुरूच करत नाही," काका म्हणाले.

"कोण रडतंय, बाबा?" चौकोनातून आवाज आला.

"शेजारची तृप्ती. फोडं आले तिले. आता दवा सोडतो म्हणून राहिली."

"तुम्ही नेलं तिला डॉक्टरकडे?"

"हव."

ताई म्हणाली, "मला नव्हतं नेलं."

काका ओट्यावर खाली बसले. "नव्हतं नेलं. फोडंच तर आहेत, अभ्यास कर, म्हणलं. चुकलो, बेटा."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात ताईनं मलाच हाक मारली. "तृप्ती, क्रीम सोडू नको हं. आधी मॉइश्चरायझर लाव, मग त्यावर क्रीम. सोलणं कमी होतं."

"तुले कसं माहीत?" काकांनी विचारलं.

"नोकरी लागल्यावर गेले होते डॉक्टरकडे."

"एकटीच?"

"एकटीच."

मी ट्यूब उचलली आणि घरी निघाले. काकांना ते कळलंही नाही. मोबाइल दोन्ही हातांत धरून ते त्या काळ्या चौकोनाला विचारत होते, दवाखाना दूर होता काय, ऑटो मिळाला होता काय, लई आग तर नाही झाली. आणि ताई एकेकाचं उत्तर देत होती.