सावली काढल्याची हकीकत

श्री. जो डोळा पाहतो त्यास आणि जी यादी पाहू देत नाही तीस, उभयतांस नमन करून हकीकत लिहितो ऐसी जे: शके सोळाशे सत्त्याण्णव, मन्मथनाम संवत्सरे, कार्तिकमासी एका राज्यात समुद्रापारच्या वकिलाने महाराजांस तैलचित्र नजर केले. त्यात एक खोली, डावे हाती खिडकी, खुर्चीवर बसून फाटका सदरा शिवणारी म्हातारी, शेजारी तांब्याची घागर, आणि फरशीवर खुर्चीची लांब सावली. महाराज पाहून बहुत संतोष पावले आणि दुसऱ्या महालासाठी नक्कल व्हावी ऐसे बोलिले. मग भिंतींवर हत्तीघोडे रंगविणारा सटवाजी जिनगर यास हुकूम जाहला की, माघअखेर नक्कल ताडून रुजू पडल्यास दरबारी चितारी, न पडल्यास कुटुंबासह राज्याबाहेर.

सटवाजीने तेलाचा रंग जन्मात हाताळिला नव्हता. कोठीतून तिळेल मिळाले, ते एकवीस दिवस वाळेना. राजज्योतिषी म्हणाले, "मुहूर्त चुकला." मग शांत केली आणि ब्राह्मण जेविले आणि रंग ओलाच राहिला. मग सटवाजीने दोन फळ्या घेऊन एकीवर तिळेल, दुसरीवर जवसाचे तेल, एकाच घडीस, एकाच उन्हात लाविले. जवस पाचवे दिवशी वाळले. ज्योतिष्यांनी जवसाचे ग्रह उत्तम असल्याचा निर्णय दिला. मग चित्र तीन वेळा काढिले आणि तीन वेळा खरवडिले. सदरा पांढरा रंगविला तो चुन्यासारखा दिसला. अस्सल निरखिता त्यात पांढरे नखाएवढे, बाकी अवघे राखी. म्हातारी साधली, परंतु खुर्ची फरशीस टेकेना. मग सावली घातली आणि टेकली.

माघात दफ्तरदार विसाजीपंत नजराण्याची यादी घेऊन मुकाबल्यास, म्हणजे नक्कल ताडून पाहण्यास, आले आणि वाचू लागले, "बाई एक, खुर्ची एक, खिडकी एक, घागर एक. आणि हे काळे काय सांडले?"

"सावली, पंत."

"यादीत नाही."

"अस्सलात आहे जी."

"अस्सल पाहून मुकाबल्याचा रिवाज नाही. यादी पाहून करितात." आणि शेरा लिहिला: सावली काढावी, मग रुजू.

सटवाजीने घरी शेरा वाचून दाखविला. बायको भिवराई म्हणाली, "म्हणजे पुसायची?"

"पुसली तर म्हातारी लोंबकळेल. हुकूम कोणाच्या नावे?"

"तुमच्या."

"मी कोण?"

"चितारी."

"मग चिताऱ्याने काढावी म्हणजे काय करावे?"

ती चित्राकडे पाहून म्हणाली, "मग नीट तरी काढा. कडेला फिकी पडलीय."

मग सटवाजीने सावली अधिक गडद काढिली आणि चित्र दरबारी नेले. पंत संतापून म्हणाले, "काढ म्हटले होते." सटवाजी म्हणाला, "काढली जी. ही काय." मग महाराजांनी शास्त्री बसविले. तिसरे दिवशी निर्णय जाहला की, काढणे म्हणजे रेखाटणे आणि काढणे म्हणजे नाहीसे करणे, उभय अर्थ शुद्ध. सरकारी हुकूम अर्धा पाळिता येत नाही. पहिला अर्थ नकलेत बजाविला, दुसरा अस्सलात बजावावा. पंतांनी सुरी सटवाजीपुढे केली.

तो म्हणाला, "त्या सावलीने मला शिकविले. माझ्याने होणार नाही. राज्याबाहेर जातो."

पंत म्हणाले, "तुझे रुजू जाहले, जाण्याचे कारण नाही. दफ्तरात कारकून पुष्कळ." मग एका कारकुनाने सावली खरवडून काढिली.

सांप्रत सटवाजी दरबारी चितारी आहे आणि त्याचे चित्र सदरेवर आहे. अस्सल मागल्या महालात असते. ते यादीशी तंतोतंत मिळते. पाहुणे आले म्हणजे पंत त्यांस तेथे नेऊन अधांतरी खुर्ची दाखवितात आणि म्हणतात, "फिरंग्यास अजून बसविता येत नाही." सटवाजी जवळ असल्यास फरशीकडे पाहतो. तात्पर्य, पाहणारा राहिला आणि पाहिलेले गेले. घडले तितके लिहिले. यादीत नाही ते सोडिले नाही.