बोरकुटेकाकांचं भेव

लोक आपल्या शौर्याच्या गोष्टी सांगतात. आमचे शेजारी दत्तूकाका बोरकुटे आपण कुठे कुठे भ्यालो ते सांगतात, आणि तेही छाती फुगवून. "काल कुकरची शिट्टी वाजली न, अशी उडी मारली मी! भेलो बाप्पा!" चौबे कॉलनीत सकाळी दूध घ्यायला बाहेर पडावं तर पहिलं वाक्य हेच कानी येतं. पाल, फटाका, माझा मिक्सर, फोनवर बँकेतून बोलणारी बाई, काका सगळ्यांना भितात आणि सगळ्यांना मनापासून दाद देतात.

काका मूळचे नागपूरचे. रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आले तेव्हा छत्तीसगढ राज्य झालंही नव्हतं. मग शहर राजधानी झालं, काका निवृत्त झाले, पण भाषा तिकडचीच राहिली. देह धिप्पाड, मिशी अशी की पाहणाऱ्यानेच भ्यावं. हा माणूस झुरळ पाहून खुर्चीवर चढतो यावर नव्या भाडेकरूंचा विश्वास बसत नाही, म्हणून काका त्यांना चढून दाखवतात.

भेव शुद्ध पाहिजे, हे त्यांचं तत्त्व. "टीव्हीवरच्या बातम्याइचं भेव भेसळीचं. पोटात जाऊन बसते, निघतच नाही. भूत कसं? आलं, हूऽ केलं, आपण ओरडलो, झालं! भूक लागते मंग."

हे शुद्ध भेव मिळतं नव्या रायपूरला. तिथल्या रुंद, मोकळ्या रस्त्याच्या कडेला सहकुटुंब जाण्यासारखं एक मोठं उद्यान आहे. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, छोटी आगगाडी, आणि मागच्या कोपऱ्यात भूतबंगला. काकांच्या पत्नी कुमुदकाकू गेल्या, तेव्हापासून काका दर रविवारी मिळेल ती बस धरून तिथे जातात. आगगाडीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. भूतबंगल्यात शिरतात, किंचाळतात, बाहेर येऊन कचोरी खातात आणि घरी येतात. आतलं पांढऱ्या साडीतलं भूत म्हणजे अभनपूरकडचा दुलार. त्याला काका दिवाळीला मिठाईचा डबा देतात. "कलाकार माणूस आहे," म्हणतात.

या भूतबंगल्यावर मध्यंतरी संकट आलं.

आमच्या गल्लीतली केतकी आपल्या मुलीला, पीहूला घेऊन तिथे गेली होती. पीहू पहिलीतली. आत गेली, ओरडली, बाहेर आली, आणि त्या दिवसापासून एकटी बाथरूमला जाईना. आईने दाराबाहेर उभं राहून मोठ्याने गाणं म्हणायचं, असा नियमच होऊन बसला. केतकीने उद्यानात तक्रार केली. आणखीही काही आयांनी केली. लहान मुलांना घेऊन हसत-खेळत दिवस घालवायच्या जागी ही भीतीची दुकानं कशाला, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. केतकीच्या घरून येणारी ती गाणी मीच तर ऐकत होते.

मॅनेजरने ठरवलं, भूतबंगला काढून तिथे सेल्फी पॉइंट करायचा. त्याआधी एका रविवारी त्याने तक्रार करणाऱ्यांना आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना बोलावलं. नेहमीचं गिऱ्हाईक एकच होतं.

काकांना मी ही बातमी सांगितली. ते ओरडले नाहीत, उडी मारली नाही, नुसते पायरीवर बसले. "सेल्फी पॉइंट?" एवढंच म्हणाले. काकांना खरंच भ्यालेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

रविवारी केतकीच्याच गाडीतून आम्ही निघालो. भूतबंगल्यासमोर बरीच कुटुंबं जमली होती. केतकीने तिची बाजू मांडली, आयांनी माना डोलावल्या. मग सगळे काकांकडे वळले. काका काही भाषणबिषण करणार म्हणून मी जीव मुठीत धरून उभी. पण काका पीहूसमोर उकिडवे बसले.

"बेटा, तू भेली ना?"

"हाँ."

"मी बी भेतो. दर रविवारी भेतो. पन मले बाथरूमचं भेव नाही वाटत. तुले काहून वाटते?"

पीहूला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं. "हम लोग तो बाहर आ गए ना, आजोबा. पर वो तो अंदर ही है. उसको किसी ने भगाया ही नहीं."

काका ताडकन उठले. गुडघा कडकन वाजला, त्याला स्वतःच दचकले, पण थांबले नाहीत. "बरोबर बोलली पोट्टी! मॅनेजर साहेब, आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. हे एवढी मोठी बाई, बांबू-कागदाची, दात काढून! बाबाच्या खांद्यावर बसून पाहिली मी, चड्डी ओली झाली. पन मंग सारे लोक ओरडतेत, इडा पिडा घेऊन जा गे मारबत! अन् तिले गावाबाहेर नेऊन जाळतेत. म्हणून रातच्यानं झोप लागे. तुम्ही पोट्ट्याइले भेव दाखवता, अन् भूत ठेवता आतच! अर्धंच काम करून राहिले तुम्ही!"

मॅनेजर गडबडला. "मतलब... जलाना पड़ेगा?"

भूतबंगल्याच्या खिडकीतून पांढरा चेहरा बाहेर आला. "नइ साहेब!" दुलार कळवळून म्हणाला.

"तुले नाही जाळत रे. तुले पळवाचं आहे फक्त."

मग काकांनी कारभार हातात घेतला. प्रत्येक मुलाच्या हातात कडुनिंबाची डहाळी दिली, प्रत्येकाबरोबर घरचं एक मोठं माणूस आत पाहिजे म्हणाले. पीहूने त्यांचा डावा हात धरला, तर त्यांनी तिला हळूच उजवीकडे घेतलं. सगळी वरात आत शिरली. अंधारात दुलारने "हूऽऽ" केलं, मुलं किंचाळली, आया किंचाळल्या, सगळ्यांच्या वर काका किंचाळले. आणि मग त्यांचा भसाडा आवाज घुमला, "घेऊन जा गे मारबत!"

मुलांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "ले जा गे मारबत!" करत फौज सुटली. दुलार साडी गुडघ्यापर्यंत खोचून मागच्या दाराने पळाला, आइस्क्रीमच्या गाडीला वळसा घालून, आगगाडीच्या रुळावरून, थेट फाटकाबाहेर. पाठोपाठ डहाळ्या नाचवत मुलं, सर्वांत पुढे पीहू, आणि धापा टाकत काका. पाळण्यात बसलेले लोक टाळ्या वाजवत होते. मीही ओरडले, घसा बसेपर्यंत ओरडले.

परत आल्यावर पीहू म्हणाली, "मम्मी, बाथरूम जाना है," आणि एकटी गेली. केतकी सवयीने दाराबाहेर उभी राहून गाऊ लागली. आतून आवाज आला, "मम्मी, चुप करो ना!"

केतकी हसत हसतच रडायला लागली. तक्रार तिने तिथल्या तिथे मागे घेतली. मॅनेजरने जाहीर केलं, भूतबंगला राहणार, आणि दर वेळी शेवटी भूत पळवायचं. काकांना दोघातिघांनी खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला, पण इतक्या उंचीवर काका भ्याले.

कचोरीच्या वेळी काका दिसेनात. मी भूतबंगल्यात डोकावले. ते आतल्या वळणावर एकटे उभे होते, डावा कोपर अंगापासून थोडा दूर धरून. दुलार साडी नीट करून आपल्या जागी परत आला होता, पण हूऽ करत नव्हता. काकांच्या इशाऱ्याची वाट पाहत असावा.

"काका, भूत तर आत्ताच हाकललं ना आपण?"

"कुमुद कशालेच भेत नव्हती," काका म्हणाले. "लगन झालं तेव्हा घर माणसाइनं भरलेलं, हात धराची सोय नाही. इथल्या राजिमच्या मेळ्यात भूतबंगल्यात नेलं तिले. म्हटलं, हे भेली की मी हात धरीन. तं मीच ओरडलो! तिनं हा हात धरला. म्हणे, भेऊ नका, मी आहो ना." डावा हात किंचित उचलून म्हणाले, "मंग मी जलमभर भेतच राहिलो."

माझे डोळे भरून आले होते, बरं झालं अंधार होता.

"पोट्ट्याइचं भूत हाकललं ते चांगलंच केलं," काका म्हणाले. "माहं राहू द्या."

त्यांनी मानेने खूण केली. दुलारने जीव ओतून "हूऽऽ" केलं. काका सगळी ताकद लावून किंचाळले आणि डावीकडे पाहून हसले, "भेलो बाप्पा!"

आम्ही दोघं बाहेर निघालो. मी त्यांच्या उजव्या बाजूने चालले.