आवक-जावक कारकुनाचा राजीनामा

"अहो, आज तोंडानं मागा. पुन्हा पत्र लिहायला बसलात तर ते पेन खिडकीबाहेर टाकीन," बायकोने दारातच बजावलं. लेकीची फी भरायची शेवटची तारीख परवावर आली होती, आणि बटणांच्या कारखान्यात अडकलेला दोन महिन्यांचा पगार मिळाल्याशिवाय ती भरणं शक्य नव्हतं.

गृहस्थ त्या कारखान्यात अकरा वर्षं आवक-जावक कारकून होते. आलेलं पाकीट फोडायचं, तारखेचा शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची आणि मालकांपुढे ठेवायचं. नाव कुणाच्या लक्षात नव्हतं, सगळे त्यांना 'आवक-जावक'च म्हणत. मालक माणूस वाईट नव्हते, पण लेखी आल्याशिवाय त्यांना तहानसुद्धा लागत नसे. थकलेल्या पगारासाठीही ते "लेखी द्या" म्हणाले, तेव्हा आवक-जावकांचं डोकं फिरलं. त्यांनी लेखी दिला तो थेट राजीनामा, तोही रजिस्टर पोस्टाने. नंतरच्या तीन महिन्यांत पगारासाठी चार पत्रं धाडली. एकाचंही उत्तर नाही.

ते केबिनमध्ये शिरताच मालक उठून उभे राहिले.

"आलात? बरं वाटतंय ना आता?"

"मला काय झालं होतं?"

"ते तुम्हीच सांगा! तीन महिने रजा, तीही न कळवता!"

"रजा कसली? मी नोकरी सोडली! राजीनामा पाठवला की."

"मला नाही मिळाला."

"आणि पगाराची चार पत्रं?"

"एकही नाही. तुमचंच काय, तीन महिन्यांत कुणाचंच पत्र नाही. मला वाटलं, लोकांनी लिहिणंच सोडलं."

आवक-जावक धावतच आपल्या जुन्या टेबलाशी गेले. टेबल पाकिटांच्या ढिगाखाली गडप झालं होतं आणि शिपाईकाका शांतपणे वर आणखी तीन पाकिटं रचत होते.

"काका, ही कुणी फोडली का नाहीत?"

"फोडणं तुमचं काम. मी सही करून घेतो आणि तुमच्या टेबलावर ठेवतो. एक जरी हरवलं असेल तर सांगा."

आता रागवायचं तरी कुणावर? आवक-जावक खुर्चीत बसले, राजीनामा शोधून त्यावर शिक्का मारला आणि पाठोपाठ आलेल्या मालकांच्या हाती दिला.

"राजीनामा आज आला," मालक शिक्का बघत म्हणाले. "म्हणजे आजपासून महिन्याची नोटीस."

"पण मी तीन महिन्यांपूर्वीच गेलो!"

"कागदावर अजून इथंच आहात."

"मग इथला माणूस म्हणून पगार द्या!"

"इथलेच आहात, तर राजीनामा कशाला दिलात?"

आपण आत आहोत की बाहेर, हेच आवक-जावकांना कळेना. गोंधळात हात मात्र सवयीने चालत राहिले. पुढचं पाकीट फोडलं, शिक्का मारला, मालकांना दिलं. अक्षर ओळखीचं आहे हे ध्यानात येईपर्यंत मालक मोठ्याने वाचायला लागले होते.

"'साहेब, ह्यांचा दोन महिन्यांचा पगार द्यावा आणि जमल्यास ह्यांनाही परत घ्यावं. घरी बसल्यापासून ह्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर तारखा टाकल्या. लेकीच्या मैत्रिणी दारातल्या वहीत सही करून आत येतात. चेक माझ्या नावाने काढावा, ह्यांच्या हातून मागणं होत नाही.'"

शिपाईकाका भिंतीकडे तोंड करून हसले. आवक-जावकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अकरा वर्षांत इतकं मुद्देसूद पत्र आलं नाही," मालक म्हणाले. "दोन्ही मागण्या मंजूर. राजीनामा नामंजूर."

आणि उभ्याउभ्याच त्यांनी चेक लिहिला.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं. "मिळाला?"

आवक-जावकांनी पाकीट आणि जावक वही पुढे केली. "पोच दे."

चेकवर स्वतःचं नाव बघून तिचे कान लाल झाले. नवऱ्याकडे न बघता तिने सही केली.

"उद्या डबा किती वाजता लागेल?"

"साडेनऊला." ते जरा घुटमळले. "लेखी देऊ?"

बायकोने वही परत दिली. पेन मात्र स्वतःकडेच ठेवून घेतलं.