गोपनीयतेची जाहीर सभा

उर्वशी बोरी अरब या गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन लोकांचे ऐकते. पाटीवर 'समुपदेशन केंद्र' असे लिहिले आहे. पण येणारे त्या पाटीकडे बघत नाहीत. खालच्या चष्म्याच्या दुकानात शिरतात, दोन फ्रेमी डोळ्यांवर लावून बघतात आणि रस्ता मोकळा दिसला की मागच्या जिन्याने वर जातात. चष्मेवाल्याला अजून कळलेले नाही की आपल्या दुकानात गर्दी एवढी आणि गिऱ्हाईक का नाही.

ऐकणे तिला जड जात नसे. जड जाई ते लिहिणे. प्रत्येक माणसामागे नोंद ठेवावी लागते आणि नोंदी तीन आठवडे मागे पडल्या होत्या.

"एआयले लिहू दे न," तिचा नवरा धम्मरत्न म्हणाला. तो कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि बटण असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्याचा जीव आहे. "तू बोल, थे लिहीन."

"आणि ऐकलेलं कोणाले सांगन?"

या प्रश्नावर त्यांचे दोन रविवार गेले. पहिल्या ॲपमध्ये बोलणे साठवले जाई परदेशातल्या सर्व्हरवर. "इथला माणूस रडन आन् ते ठिवतीन तिकडं," उर्वशी म्हणाली आणि ते बाद झाले. दुसऱ्याच्या तेविसाव्या कलमात बारीक अक्षरात लिहिले होते की, सेवा सुधारण्यासाठी संभाषण वापरले जाईल. "म्हंजे माया पेशंटच्या दुखण्यावर हे हुशार होनार," असे म्हणून तेही काढून टाकले. तिसरे मात्र तिच्याच लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चाले, नावाऐवजी आकडे टाके आणि नोंद झाली की आवाज पुसून टाके. त्याला वऱ्हाडी समजते का हे बघायला उर्वशीने अर्धा तास नवऱ्याच्या तक्रारी सांगितल्या. यंत्राने त्या सात मुद्द्यांत नीट मांडल्या. धम्मरत्नने त्या वाचल्या आणि खोडण्याची सोय चालते का, तेही लगेच तपासून घेतले.

उरली पेशंटची लेखी संमती. त्यासाठी धम्मरत्नने चार पानांचा कागद तयार केला, आणि उर्वशीने तो पहिल्यांदा फुलसिंगपुढे ठेवला.

फुलसिंग जवळच्या बंजारा तांड्यातला साठीचा गडी. मिशा भरघोस, आवाज असा की बैल हाकायला काठी लागू नये. उन्हाळ्यात त्याची एकुलती एक लेक राखी लग्न होऊन महागावला गेली, आणि तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरेना. सहा महिने तो दर मंगळवारी येत होता. घरी मात्र कोणाला, बायको बिजलीलाही, ठाऊक नव्हते.

"बिजलीले कळ्ळं न बाई, तं थे खचन," तो दर वेळी सांगे. "तिच्यासमोर मी हासतच राह्यतो. मायासाठी एवढं करा, माझं येनं तिच्या कानावर जाऊ देऊ नोका."

कागद त्याने उलटसुलट पाहिला. "आमच्यात चार मानसाईत वाचल्याबिगर कागदावर सही करत नाई बाई. मांगं एकदा मोबाईलच्या टॉवरवर अशाच सह्या केल्या होत्या. टॉवर आला, रेंज आली नाई."

"पन काका, चौघांत वाचला तर तुमचं येणं…"

"कागदावर माझं नाव कुठं हाये? कोन्या एका मानसाचा कागद हाये म्हनीन मी."

अडवायची सोय नव्हती. पेशंटला हव्या त्या माणसाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे, असे दुसऱ्या पानावर स्वतः धम्मरत्ननेच लिहिले होते.

तांड्यात कागद चौघांत वाचला गेला. पण तांड्यात कुठल्याही कामाला चौघे बसले की चाळीस होतात. शंका इतक्या निघाल्या की तांड्याचे प्रमुख, नायक रामसिंग यांनी खुलाशासाठी बाईंनाच बोलावणे धाडले. रविवारी सकाळी उर्वशी आणि धम्मरत्न स्कूटरवरून पोचले तेव्हा मंदिराच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बाया, आणि मध्ये चार पाने, वर दगड ठेवलेली.

"कोन्या एका मानसाचा कागद हाये," फुलसिंगने गंभीरपणे सुरुवात केली.

"हाव, कोन्या एका मानसाचा," नायक तितक्याच गंभीरपणे म्हणाले. सतरंजीवर कोणी हसले नाही. तांड्याला रीतभात आहे.

मग प्रश्न सुरू झाले. ग्रामपंचायतीतल्या शामने विचारले, "लॅपटॉप चोरीले गेला तं?" धम्मरत्नने कुलूप आणि पासवर्ड समजावून सांगितले. म्हातारा देवीलाल म्हणाला, "आवाज पुसला म्हनता. पुसला हे कोन सांगते?"

"ते ॲपच सांगते बाबा."

"म्हंजे ज्यानं खाल्लं, त्यालेच इचारायचं, खाल्लं का म्हून?"

धम्मरत्नने वहीत काहीतरी लिहून घेतले. दोन रविवारांत हा प्रश्न त्याला सुचला नव्हता.

"बाई," नायकांनी मुद्द्याला हात घातला, "हा मानूस तुमच्याकडं येते का?"

"कोण येतं, कोण येत नाही, हे मला सांगता येत नाही नायक."

"नाव नोका सांगू. पन आमच्या तांड्यातला तं हाये न?"

"तेही नाही."

फुलसिंगने घाम पुसला. पुरुषांच्या बाजूला कुजबूज वाढली. यंत्राचे राहू द्या, या बाईवर तरी भरवसा कसा ठेवायचा. आज ना उद्या हिच्या तोंडून निघालेच तर, असा एकूण सूर होता. फुलसिंग मान खाली घालून बसला. आता मंगळवार बंद, हे उर्वशीला त्याच्या पाठीवरूनच कळले.

तेव्हा बायांच्या अंगाने बिजलीबाई उठली.

"बाईवर संशय घेऊ नोका," ती ठणकावून म्हणाली. "मी पाच महिन्यांपासून दर शुक्रवारी जाते तिच्याकडं. माया मालकाले आजवर पत्ता लागू देल्ला का तिनं? इचारा त्याईले."

विचारायची गरज पडली नाही. मालक तोंड उघडे टाकून समोरच बसले होते.

"शुक्रवारी?" फुलसिंग म्हणाला. "मी तं मंगळवारी जातो."

सहा महिने जपलेला कोणी एक माणूस तिथल्या तिथे वारला, आणि त्याच्या जागी फुलसिंग उरला.

"तू कायले गेलती?" त्याने विचारले. त्याचा आवाज एवढा बारीक कोणी ऐकला नव्हता.

"राखी गेल्यापासून घास उतरत नाई. तुमी आपले हासत राह्यता. मनलं, या मानसाले काई वाटत नाई, तं मी कायले रडू यायच्यासमोर?"

"मी तुयासाठी हासत होतो व."

"आन् मी तुमच्यासाठी."

बायांपैकी दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. देवीलालच्या डोळ्यात धूळ गेली.

नायक रामसिंग यांनी मात्र चौकशी सोडली नव्हती. "बाई, आता तं सांगा. हे दोघं येतात तुमच्याकडं?"

उर्वशीने एकदा फुलसिंगकडे पाहिले, एकदा बिजलीबाईकडे. "मला सांगता येणार नाही नायक."

"पाह्यलं?" नायक सभेकडे वळले. "दोघंई समोर बसले, दोघंई कबूल होऊन राह्यले, तरी बाई बोलत नाई. मशीनचं आमाले माहीत नाई बापा. बाई पक्की हाये." आणि त्यांनी चारही पाने घडी करून धम्मरत्नच्या हातात दिली. ठराव असा झाला की नोंद बाईंनी हातानेच लिहावी.

स्कूटरपर्यंत पोचेपर्यंत तिघांनी वेगवेगळ्या झाडांआडून केंद्राची वेळ विचारून घेतली. चौथा देवीलाल होता. धुळीसाठी विचारतो, म्हणाला.

त्या आठवड्यात मंगळवारी फुलसिंग आला नाही. शुक्रवारी बिजलीबाई आली नाही. महागावच्या एसटीत दोघे एकाच सीटवर बसून लेकीकडे जाताना बऱ्याच जणांनी पाहिले होते. फुलसिंग कंडक्टरचे न ऐकता डब्यातली भाकर खात होता.

उर्वशीने पेन काढले आणि मंगळवारच्या फायलीत लिहिले, 'गैरहजर. प्रगती उत्तम.' आणि मग हेच वाक्य गोपनीयतेच्या नियमाप्रमाणे शुक्रवारच्या वेगळ्या फायलीत पुन्हा लिहिले.