खरात तात्यांच्या डब्या

आमच्या शेजारचे खरात तात्या कॉफी पीत नाहीत. कॉफी कडू आणि वरून खर्चिक, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. तरी रोज सकाळी ते अंगणातल्या कुंड्यांपाशी उकिडवे बसतात, चमच्यानं माती उकरतात आणि पुरलेल्या कॉफीच्या डब्या विरघळल्या का ते बघतात. मग माती सारखी करून, पाणी शिंपडून उठतात. मला शाळेत शिकवायला जायची कितीही घाई असली तरी कुंपणापाशी माझे पाय रेंगाळतातच. दुसऱ्याच्या अंगणात डोकावायची खोड माझ्या अंगात मुरलेली आहे, त्याला माझा इलाज नाही.

डब्यांची हकीकत अशी. तात्यांची मुलगी सुषमा बंगळुरूला नोकरी करते. गेल्या उन्हाळ्यात ती कॉफीचं मशीन घेऊन आली. निरांजनाएवढी एक डबी आत घालायची, बटण दाबायचं, की कपात कॉफी. डबी झाडपाल्यापासून केलेली. ती मातीत पुरली तर अमुक महिन्यांत घरच्या घरी तिचं खत होतं, असं खोक्यावर छापलेलं. सुषमा चार दिवस राहून परत गेली. मशीन, भरलेली खोकी आणि ते छापील वाक्य मागे राहिलं.

आता तात्यांनी जाफराबादच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून उभा जन्म काढलेला. छापलेली वेळ म्हणजे त्यांच्या दृष्टीनं दिलेला शब्द. "टाइम छापला ना, मंग बराबर टायमावर सुटायला पाहिजे," हे त्यांचं पालुपद. नोकरीत असताना त्यांनी कधी कुणासाठी गाडी थांबवली नाही, आणि हे ते स्वतःच छाती काढून सांगतात. सुषमा पहिल्यांदा कॉलेजला निघाली, तेव्हा पेटी घेऊन फाटकातून पळत येत होती. तात्यांनी तिच्या डोळ्यांदेखत जालना गाडी सोडली. "पोरगी माझी हाय, गाडी पब्लिकची हाय," असं वर कंडक्टरला सुनावलं. पोरगी पुढच्या गाडीपर्यंत बाकावर फुगून बसली. तात्या चहा घेऊन गेले तर तिनं तोंड फिरवलं, हेही ते सांगतात, पण जरा घाईनं.

तर डबी छापील वेळेत जाते की नाही, याची तपासणी सुरू झाली. अडचण एवढीच, की पुरायला रिकामी डबी हवी, ती रिकामी व्हायला कुणीतरी कॉफी प्यायला हवी, आणि तात्या तर पीत नाहीत. मग त्यांनी माणसं धरायला सुरुवात केली. दूधवाला, गॅसवाला, पत्ता विचारायला थांबलेला कुरिअरवाला, कुणी म्हणजे कुणी सुटलं नाही. गॅसवाला तर आमच्या गल्लीत शिरताना आधी तात्यांचं दार बंद आहे का बघायचा. कॉफी होईपर्यंत तात्या पाहुण्याला खुर्चीत बसवत, गाव विचारत, आणि त्या गावाला कुठली गाडी किती वाजता जायची ते तोंडपाठ सांगत. पाहुणा उठला की त्याची डबी पुरत आणि आइस्क्रीमच्या काडीवर त्याचं नाव लिहून वर खोचत.

पहिल्या डब्या ढिम्म हलल्या नाहीत. मग तात्यांनी वरचं झाकण काढलं, शेण आणलं, कडुनिंबाचा पाला आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचे तुकडे घातले. गल्लीभर माश्या झाल्या. माझ्या सासूबाईंनी नाकाला पदर लावून भांडण काढलं. तात्यांनी वाळलेला पाला वाढवला आणि सासूबाईंना, सोबत मलाही, कॉफी पाजली. त्यानंतर वास गेला आणि भांडणही गेलं.

रोज सकाळी कुंपणावरून बातमी येऊ लागली. "दूधवाल्याची सुटली. कुरिअरवाला निम्मा राह्यलाय. बाई, तुमची अजून फलाटावरच हाय." सासूबाईंची डबी माझ्या आधी विरघळली, तेव्हा त्यांनी मला दिवसभर असं ऐकवलं, की जणू मी परीक्षेत नापास झाले होते. सुषमाचा रविवारी फोन येई, तिलाही तात्या हेच सांगत. कुणाची सुटली, कुणाची राहिली. ती कधी येणार, हे मात्र विचारताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

आता थंडी सरत आली आहे. परवा तात्यांचा गुडघा धरला, म्हणून कुंड्यांना पाणी घालायला मी गेले. ते खुर्चीतून सूचना करत होते. सगळ्या काड्यांखाली काळी भुसभुशीत माती झालेली. माझीसुद्धा एकदाची विरघळली होती. तेवढ्यात जिन्याखाली, पाऊस-पाणी लागणार नाही अशा कोपऱ्यात, मला आणखी एक कुंडी दिसली. माती पार कोरडी. चमच्यानं उकरलं तर आत डबी, जशीच्या तशी. काडीवर नाव होतं सुषमा.

"तात्या, हिला पाणी द्यायचं राहूनच गेलं की," म्हणत मी तांब्या उचलला. दुखऱ्या गुडघ्यानं तात्या उठून आले आणि त्यांनी कुंडीवर हात आडवा धरला.

"राहू द्या बाई. तिला पाणी न्हाई द्यायचं."

तात्या कुंडीकडे बघत बोलले.

"जायच्या दिवशी उभ्या उभ्या कॉफी पेल्ती. मी इचारलं, आता कवा येशील? तर म्हणली, बाबा, ही डबी इरघळायच्या आत येते." त्यांनी काडी जरा सरळ केली. "बाकीच्या सगळ्या गेल्या. ही गेली का मंग पोरगी लेट झाली म्हणावं लागल. म्हणून थांबवून धरलीय."

बाकावर पेटी घेऊन तोंड फिरवून बसलेली ती पोरगी मला एकदम आठवली. मी डबीवर पुन्हा माती सारली, कोरडीच. तांब्यातलं पाणी शेजारच्या कुंडीत ओतलं.